एकादशीची अट

सेतुमाधवरावांनी मला नाकारलं तेव्हा आमची ओळखही झालेली नव्हती. ओळख नसताना एक माणूस दुसऱ्याला इतकं सविस्तर नाकारू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लग्नाच्या बाजारातसुद्धा ‘पत्रिका जमत नाही’ एवढ्यावर भागतं.

मी पुण्याहून नोकरीसाठी चेन्नईला आलो होतो. दिवसभर पेरुंगुडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांचे प्रोग्राम सांभाळायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तेच काम फुकट करायचं, असा माझा क्रम होता. फुकटचं काम एका स्वयंसेवी प्रकल्पाचं होतं. जगभरातली हौशी माणसं मिळून एक अख्खी संगणकप्रणाली तयार करत आणि ज्याला हवी त्याला देऊन टाकत. कुणी कुठे लिहिलेले प्रोग्राम गोळा करायचे, प्रत्येकाचं नीट पॅकेज बांधायचं, म्हणजे ते कुणाच्याही संगणकावर मुकाट्यानं जाऊन बसलं पाहिजे, शेजारच्या पॅकेजशी भांडता कामा नये, आणि काढून टाकलं तर मागे कचरा उरता कामा नये. हे सगळं कसं करायचं याचं एक जाडजूड नियमांचं पुस्तक होतं. त्याला पॉलिसी म्हणत. विम्याची पॉलिसी जशी कुणी वाचत नाही तशी हीदेखील कुणी वाचत नसे. सेतुमाधवरावांनी वाचली होती.

मी टायपिंग शिकवणारा एक छोटा प्रोग्राम बांधून पाठवला. उत्तरात जी ईमेल आली ती त्या प्रोग्रामपेक्षा लांब होती. मदतीची पानं चुकीच्या जागी आहेत. मूळ लेखकाची परवानगी कुठे आहे? आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे, पॅकेजची नवी आवृत्ती टाकली की वापरणाऱ्यानं स्वतः बदललेल्या सेटिंग पुसल्या जातात. शेवटी एक ओळ, ‘बाकी प्रयत्न चांगला आहे.’ खाली सही, एस. राव, आवडी.

आवडी म्हणजे चेन्नईचंच उपनगर. एवढ्या जवळून झालेला अपमान समोरासमोर मिटवावा म्हणून मी वेळ ठरवून लोकलनं तिकडे गेलो. सरकारी वसाहतीतलं घर सापडलं. दारात एक बुटके गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कोरं कपाळ, आणि माझ्या चपलांवर नजर. मी चपला वाटेत काढल्या होत्या. त्यांनी त्या न बोलता पायानं भिंतीकडे सरकवल्या. माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, ‘‘म्हातारा खडूस दिसतोय.’’

‘‘म्हातारा नव्हें,’’ ते म्हणाले. ‘‘निवृत्त व्हायला अवकाश आहे. दुसरें खरें. आंत या.’’

असे आमचे संबंध सुरू झाले.

राव म्हटल्यावर मी त्यांना तेलुगू समजलो होतो. ते तंजावरचे मराठी निघाले. पूर्वज मराठी राजांबरोबर दक्षिणेत आले आणि तिथेच राहिले. त्यांची मराठी माझ्या पणजोबांना कळली असती. मला ती कळायला थोडा वेळ लागला, कारण मधेच ‘बरं’साठी ‘सेरि’ आणि ‘हरकत नाही’साठी ‘परवाइल्ल’ येई, आणि सगळं वाक्य तमिळ चालीवर वरखाली होत जाई. आवडीतल्या एका सरकारी कारखान्यात ते तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडाचे भाग मापून नापास करायचे आणि घरी येऊन पॅकेजेस नापास करायची. घरची मंडळी याला छंद म्हणत.

‘‘दुसऱ्याच्या घरीं पाहुणे म्हणून गेलां,’’ माझं पॅकेज उघडून ते म्हणाले, ‘‘तर त्याच्या देवघरांतलें ताम्हन उचलून आपल्या सोईनें ठेवाल काय? वापरणाऱ्यानें आपल्या हातानें कांहीं बदललें, तें पुसायचें नाहीं. चुकलेलें असलें तरी पुसायचें नाहीं. विचारायचें. नकों म्हणाला, तर गप्प बसायचें.’’

हा नियम त्यांचा सर्वांत लाडका. तो ते स्वैपाकघरातही पाळत. या घरात राहायला आल्यावर त्यांनी डब्यांच्या जागा स्वतः ठरवल्या होत्या. रोज लागणारं खाली, सणासुदीचं वर, असं सगळं शास्त्रशुद्ध. त्यांच्या पत्नी सुंदराबाई, ज्यांना तिथल्या रीतीनं मी मामी म्हणे, पहिल्याच आठवड्यात मोहरी आपल्या हाताला येईल तिथे घेऊन गेल्या. रविवारी राव स्वतः कॉफी करत. कॉफीची पूड असायला हवी तिथे हात घालत, हातात तुरीची डाळ येई. मग ते एक उसासा टाकून डबेच्या डबे उघडत बसत. पण एकदाही त्यांनी एकही डबा मूळ जागी नेला नाही.

‘‘स्वैपाकघराची वापरणारी ती,’’ ते मला म्हणाले. ‘‘तिणें केलेला बदल मोडायचा अधिकार मला नाहीं.’’

मामी आतून म्हणाल्या, ‘‘हें प्रेम म्हणायचें कीं पालिसी, मला अजून कळलें नाहीं.’’

‘‘पालिसी,’’ राव म्हणाले. मामी हसल्या. त्यांना हेच उत्तर अपेक्षित असावं.

प्रकल्पात कुणी कुणाचा साहेब नव्हता. नियमात बदल करायचा तर ईमेलवर प्रस्ताव मांडायचा, दोघाचौघांनी अनुमोदन द्यायचं, मग साऱ्या जगानं भांडायचं. ‘केलंच पाहिजे’ म्हणावं की ‘करावं’ म्हणावं यावर लोक आठवडेच्या आठवडे एकमेकांचे गळे धरत. मला हे पोरकट वाटे. एकदा मी तसं बोललो. राव रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘कारखान्यांत नियम मोडला तर मेमो येतो. इथें पगार नाहीं, बढती नाहीं, मेमो नाहीं. नियम मोडला तर लाज तेवढी वाटते. ती नीट वाटावी म्हणून नियम नीट लिहायला नकों?’’

त्यांचा सगळ्यांत कडवा वैरी कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला होता. दोघांची पत्रं वाचून वाटे, समोरासमोर आले तर पोलिसांना बोलवावं लागेल. तो खरोखरच चेन्नईला आला. राव रजा काढून विमानतळावर गेले, त्याला घरी आणलं, केळीच्या पानावर सार-भात वाढला, तिखट लागलं म्हणून स्वतः ताक करून दिलं. टी. नगरला नेऊन त्याच्या बायकोसाठी साडी घेतली. मामींनी निघताना त्याला लोणच्याची बरणी दिली. दाढीवाल्याच्या डोळ्यात पाणी आलं. तो आपल्या गावी पोचायच्या आत रावांनी त्याचं पॅकेज नापास केलं होतं.

आता मुख्य गोष्ट. प्रकल्पाचे दोन भाग होते. आतला आणि बाहेरचा. आत यायचं तर प्रोग्राम कुणालाही वापरता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, वाटता आला पाहिजे, विकतासुद्धा आला पाहिजे. ज्या प्रोग्रामला काही अट आहे, अमक्यानं वापरू नये, तमक्यानं विकू नये, तो बाहेरच्या विभागात. तिथून तो मिळे, पण तो प्रकल्पाचा म्हणून गणला जात नसे. रावांच्या मते हा बाहेरचा विभागच मुळात लाजिरवाणा होता. तो बंद करावा असा प्रस्ताव ते दर वर्षी मांडत आणि दर वर्षी तो पडे. ‘‘मुक्त म्हटलें कीं मुक्त,’’ ते म्हणत. ‘‘आमच्या घराच्या मागल्या दारीं असलीं सामानें ठेवायचीं कशाला?’’

आणि मग अण्णा आले.

अण्णा म्हणजे विठ्ठलराव, सेतुमाधवरावांचे थोरले भाऊ. गणिताचे निवृत्त मास्तर. टी. नगरात साड्यांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत एकटेच राहत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. वडील लवकर गेल्यामुळे धाकट्याचं शिक्षण त्यांनीच केलेलं. कपाळावर, दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, सोवळं कडक, एकादशीला पाण्याचा थेंबसुद्धा नाही. धाकटा मात्र कारखान्याच्या कँटीनमध्ये एकादशीलासुद्धा कांद्याचा वडा खाई आणि विचारलं तर खरं सांगे. अण्णा आयुष्यभर त्याला सांगत आले होते, आणि तो आयुष्यभर वडा खात आला होता. बाकी दोघांचा एकमेकांवर जीव होता.

निवृत्तीनंतर अण्णा संगणक शिकले आणि त्यांनी एक पंचांगाचा प्रोग्राम लिहिला. कुठल्याही गावाचा सूर्योदय धरून तिथी काढणारा. नात्यागोत्यातली सगळी घरं एकादशी त्यातूनच बघू लागली. अण्णांच्या हातून झालेलं हे एकच मोठं काम, आणि आपल्या भावाच्या प्रकल्पात ते जावं, जगभर जाणाऱ्या सीडीवर आपलं पंचांग असावं, एवढी एकच इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली. स्वतः आवडीला ते घेऊन आले. मी त्या दिवशी तिथे होतो.

रावांची पद्धत अशी की आधी परवाना वाचायचा, मग प्रोग्राम. अण्णांनी सुरुवातीलाच एका ओळीत लिहिलं होतं, ‘हा प्रोग्राम कोणासही फुकट द्यावा. विकू नये. एकादशी पाळणाऱ्यांनीच चालवावा.’ एवढं करून ते थांबले नव्हते. प्रोग्राम सुरू केला की तो विचारी, ‘आपण एकादशी पाळता काय?’

अण्णा कौतुकानं म्हणाले, ‘‘सेतु, चालवून बघ की.’’

राव पडद्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणीही ‘हो’ दाबलं असतं. मी दाबलं असतं, आणि मी तर आषाढीला फक्त साबुदाण्याच्या खिचडीसाठी उपास करतो. रावांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ दाबलं. प्रोग्राम बंद झाला. भावाच्या प्रोग्रामनं भावालाच दारातून परत पाठवलं.

‘‘अण्णा,’’ राव हळूच म्हणाले, ‘‘हें आंत घेतां येत नाहीं. अट आहे. बाहेर जाईल. नाहीं तर ती ओळ काढा.’’

अण्णांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. ‘‘मीं स्नान करून सोवळ्यांत बसून लिहिलें, तें बाहेर? आणि त्या परदेशांतल्यांनीं काय काय खाऊन लिहिलें, तें आंत?’’

‘‘त्यांणीं कोणाला चालवूं नका म्हणून म्हटलें नाहीं.’’

‘‘म्हणजे सोवळें तुमचेंही आहेच कीं रे!’’ अण्णा म्हणाले. ‘‘माझें तांदळाचें, तुझें कागदाचें.’’

अण्णांनी मामींच्या हातची कॉफी न घेता चपला घातल्या. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे तोंडी बंद. प्रकल्पात प्रत्येक त्रुटीची जाहीर नोंद होई आणि त्याखाली पत्रं चालत. रावांनी नियमाप्रमाणे नोंद केली, ‘परवान्यात अट आहे, ती काढावी.’ मूळ लेखक म्हणून अण्णांनी उत्तर दिलं, ‘काढणार नाही.’ मग रावांनी दुसरी नोंद केली, तंजावरच्या सूर्योदयात चूक आहे. प्रोग्राम चालवायची परवानगी नसल्यामुळे त्यांनी तो नुसता वाचून, कागदावर आकडेमोड करून ही चूक काढली होती. अण्णांनी चूक सुधारली आणि खाली लिहिलं, ‘जेवण वेळेवर करावे. रक्तदाबाची गोळी चुकवू नये.’ रावांनी सूर्योदयाबद्दल आभार मानले आणि पुढे लिहिलं, ‘उर्वरित मजकुराचा या त्रुटीशी संबंध नाही.’ हे सगळं जगातल्या कुणालाही वाचता येत होतं. दाढीवाला वैरी वाचत होता. त्यानं मला खासगीत विचारलं, ‘हे दोघे एकमेकांचे कोण?’

मामी वैतागत. ‘‘घरचें भांडण कोणी असें चव्हाट्यावर मांडतो काय?’’ पण गोळी त्या आठवणीनं पुढे करत, आणि राव ती मुकाट घेत.

नवी आवृत्ती निघायची वेळ जवळ आली. तिच्याआधी काही काळ सगळं गोठवतात. मग आत काही नवीन घेत नाहीत. अण्णांना हे ठाऊक होतं. त्यांची प्रकृती तोवर फार उतरली होती. मी इस्पितळात बघायला गेलो तर त्यांनी मलाच विचारलं, ‘‘गोठवलें काय?’’

‘‘अजून नाही, अण्णा.’’

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, ‘‘सेतूला सांगा, मी ओळ काढणार नाहीं. मीं लिहिली, ती मीं काढायची नाहीं. पण मी गेल्यावर त्याणें काढली, तर बघायला कांहीं मी येणार नाहीं.’’

मी धावत आवडीला गेलो. मला वाटलं, सुटला एकदाचा तिढा. रावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘तोंडी परवानगी पालिसींत चालत नाहीं.’’ आणि पायात चपला घालून इस्पितळाकडे निघाले. उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे, हे त्यांना स्टेशनपर्यंत कळलं नाही.

तिथे दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मामी म्हणतात, काहीच झालं नाही. राव उशाशी बसून राहिले आणि अण्णांनी त्यांचा हात धरून ठेवला. दोनच दिवसांनी अण्णा गेले.

दिवस उरकले तरी गोठवायला अवधी होता. वारस एकटे सेतुमाधवराव. आता प्रोग्रामचे हक्क त्यांचेच. तोंडी नको, लेखी नको, कुणाला विचारायलाच नको. एक ओळ खोडली की पंचांग आत. जगभरातून सांत्वनाची पत्रं आली आणि प्रत्येकानं अदबीनं तेच सुचवलं. थंड देशातल्या दाढीवाल्यानं तर लिहिलं, ‘मी स्वतः ते तपासून तासाभरात आत घेतो. यात तुमच्या भावाचा सन्मान आहे.’ मलाही तसंच वाटत होतं. मी फोन करून सांगितलंदेखील. त्यांनी ‘सेरि, सेरि’ म्हणून फोन ठेवला.

गोठवायच्या आदल्या दिवशी त्यांनी पॅकेज पाठवलं. ओळ जशीच्या तशी होती. त्यांनी ते बाहेरच्या विभागात पाठवलं होतं. ‘अट काढावी’ या आपल्याच जुन्या नोंदीवर त्यांनी शेरा मारला, ‘दुरुस्ती होणार नाही.’ आणि बाहेरचा विभाग बंद करण्याचा त्या वर्षीचा प्रस्ताव त्यांनी एका वाक्यात मागे घेतला. कारण दिलं नाही. इतक्या वर्षांत कारण न देता त्यांनी लिहिलेलं ते पहिलंच वाक्य असावं. लोक चक्रावले. कुणी म्हणालं, दुःखात आहेत. कुणी म्हणालं, म्हातारे झाले. मी चिडलो होतो. अण्णांनी जाता जाता दार उघडून दिलं आणि या गृहस्थानं ते लोटून घेतलं असं मला वाटलं.

पुढे माझी बदली पुण्याला झाली. निघण्याआधी निरोप घ्यायला आवडीला गेलो. चपला भिंतीकडे काढल्या. मामींनी कॉफी आणली, पण एकच पेला. तो माझ्यापुढे ठेवला.

‘‘आणि तुम्हाला?’’ मी रावांना विचारलं.

‘‘आज एकादशी,’’ ते म्हणाले.

मला भरून आलं. थोरला भाऊ गेल्यावर माणूस शेवटी देवाकडे वळतो, वगैरे मी काहीतरी बोलू लागलो. माझं पहिलं पॅकेज उघडताना त्यांनी जसं माझ्याकडे बघितलं होतं तसंच बघितलं.

‘‘देव कुठून आला मधें? पॅकेज माझ्याकडे आहे. नवी आवृत्ती काढायची तर चालवून बघायला नकों? आणि चालवायची अट काय, तुम्हीं वाचली आहे ना?’’

‘‘अहो, पण हक्क तुमचे! तुम्हाला कोण अडवतंय? ती ओळच काढून टाकायची.’’

‘‘अण्णानें आपल्या हातानें लिहिलेली ओळ आहे,’’ राव म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते मला पाठ होतं.

मामी म्हणाल्या, ‘‘जन्मभर अण्णा सांगत आले, ऐकलें नाहीं. आतां बघा. पाणीसुद्धां घेत नाहींत. वर म्हणतात, भक्ति नव्हें, लायसन्स.’’ बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

राव उठून संगणकापाशी बसले. सकाळपासून उपाशी, ओठ कोरडे, पण शर्ट तसाच पांढरा आणि पाठ ताठ. पडद्यावर अण्णांचं नाव आलं, खाली ती अट, आणि तिच्याखाली तो जुना प्रश्न. रावांनी हात पुसले, चष्मा नीट केला, प्रश्न पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला, आणि ‘हो’ दाबलं. या वेळी प्रोग्राम बंद झाला नाही.